छप्पर नसेल तर पाया बघा

मंडळी, गेल्या दिवाळीनंतर माझी एक मुदत ठेव संपून पाच लाख रुपये हातात आले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात पाच लाख आले, की घरातल्या प्रत्येकाला त्यांचा उपयोग आधीच माहीत असतो. आमच्या सौ.ना न्हाणीघराच्या फरशा बदलायच्या होत्या. मुलीचा पुण्याहून फोन आला, "बाबा, परत ठेवीतच टाका." मी जेवणाच्या ताटावर जाहीर केले, की मी एक जुनी हूडची मोटार घेणार आहे. तीच ती, छप्पर मागे पाडता येणारी, जिला आता सगळे कन्व्हर्टिबल म्हणतात. मोडकी असली तरी चालेल, दुरुस्त करून घेऊ.

मिनिटभर कुणी बोलले नाही. मग चौऱ्याऐंशी वर्षांच्या आमच्या आईने आमटी भुरकत विचारले, "आणि पाऊस आला की?"

बेळगावात जन्म काढलेल्या बाईचा प्रश्न. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जिथे छत्री वाळत नाही, तिथे बिनछपराची गाडी घेणाऱ्याला दुसरे काय विचारणार?

सौ.ना वाटले, हे लहानपणचे खूळ आहे. त्यात थोडे तथ्य होते. शाळेत असताना आम्ही दसऱ्याला आत्याकडे कोल्हापूरला जायचो. दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक मोटार यायची, ती बघायला मी आतेभावाच्या खांद्यावर बसायचो. सोने लुटण्यापेक्षा मला त्या मोटारीचे आकर्षण जास्त. पण खरे कारण वेगळे होते, आणि ते ताटावर सांगण्यासारखे नव्हते. ते कारण म्हणजे माझा धाकटा भाऊ.

आमचा धाकटा उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथ, एक शेपर आणि एक ड्रिल मशीन घेऊन बावीस वर्षे बसला. हाताला इतका पक्का, की बोटाने चाचपून सुताचा फरक सांगेल. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ज्या कारखान्याचे जॉब तो करायचा तिथून काम थांबले, ते पुन्हा आले नाही. दोन वर्षे त्याने ओढली. 2022 मध्ये शेड सोडली. एक लेथ विकला, दुसरा घरामागच्या पत्र्याच्या खोलीत आणून ठेवला आणि त्यावर जुनी निळी चादर टाकली. मशीन झाकले तसा माणूसही झाकला गेला. सकाळी पेपर, दुपारी टीव्ही, संध्याकाळी गॅलरी. त्याची बायको, माझी भावजय, गदगची. त्यांच्या घरात स्वयंपाक कन्नडमध्ये, देवपूजा मराठीत आणि भांडण दोन्हींत. भावजय एकदा आमच्या सौ.ना म्हणाली होती, "अक्का, आता भांडण पण होत नाही."

त्याला सरळ पैसे देऊ केले असते तर त्याने घेतले नसते. म्हणून मी मोटारीचा घाट घातला. पैसे माझे, हात त्याचे. गाडी तयार झाली की दोघांची. असा माझा हिशेब होता. हिशेब माणूस कागदावर बरोबर करतो आणि बाजारात चुकतो, त्याची ही गोष्ट.

पहिली गाडी बघितली गोव्यात, मडगावच्या पलीकडे. जुनी फियाट, छप्पर काढलेली, रंग कुंकवासारखा लाल, पांढऱ्या रेक्झिनच्या गाद्या, चाकांच्या टोप्या आरशासारख्या. मालकाने चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. मागितले साडेतीन लाख. मी मनातल्या मनात सौ.ना शेजारी बसवून चोर्ल्याचा घाट चढायलाही लागलो होतो.

धाकट्याने खिशातून एक लोहचुंबक काढले. जुन्या स्पीकरचे होते, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळलेले. ते त्याने बॉनेटला लावले, चिकटले. दाराच्या वरच्या भागाला लावले, चिकटले. दाराच्या खाली, पायरीच्या पट्टीला लावले आणि ते टपकन खाली पडले. तो चाकाच्या कमानीकडे गेला, तिथेही पडले. म्हणजे वर दिसत होता रंग, त्याच्या आत होती लांबी, आणि लांबीच्या आत जो पत्रा असायला हवा तो समुद्राच्या खाऱ्या हवेने कधीच खाल्लेला. मग त्याने दार बंद करून त्याच्या फटीकडे बोट दाखवले. फट खाली रुंद होती आणि वर अरुंद. दार उघडताना वरचा कोपरा किंचित घासत होता.

"दादा, ही मधून खचल्या," तो म्हणाला.

हे मला तेव्हा कळले नाही, नंतर त्याने बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन समजावले. तुम्हालाही सांगतो, कारण हूडच्या गाडीचे सगळे मर्म यात आहे. फार जुन्या मोटारींना खाली लोखंडी चौकट असायची, तिला चासी म्हणतात. वरचा सांगाडा त्यावर नुसता बसवलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू बहुतेक छोट्या मोटारींची वेगळी चासी गेली. तळ, बाजू आणि छप्पर मिळून पत्र्याचा एक अखंड डबा, आणि तो डबाच सगळा भार पेलतो. आपल्याकडची फियाट आणि तिचीच पुढची पद्मिनी या जातीच्या. बिस्किटाचा डबा झाकण लावून दोन्ही हातांनी पिळून बघा, हलत नाही. झाकण काढून पिळा, लगेच वाकतो. गाडीचे छप्पर म्हणजे ते झाकण. ते कापले की समोरचा आणि मागचा भार मधल्या तळावर येतो. तळ खचतो, दाराचे दोन्ही खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे कलतात, दार घासू लागते. कारखान्यात हूडची म्हणून बनलेल्या गाडीला हे ठाऊक धरून पायऱ्यांच्या पट्ट्यांत आणि तळाला जादा पत्रा आणि आडवे आधार घातलेले असतात. गॅरेजमध्ये करवत चालवणारा ते घालतोच असे नाही. या लाल गाडीत घातलेले नव्हते.

शिवाय हे कायद्यालाही धरून नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, कारखानदाराने दिलेल्या मूळ रचनेपासून नोंदीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. आरसी बुकात बंद गाडी, रस्त्यावर उघडी गाडी, असा मामला.

पण मंडळी, मी हे ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मालक बघतोय, गाडी चमकतेय आणि माझा भाऊ फटीत बोट घालून उभा आहे. मी म्हणालो, "तुला सगळ्यात खोटच दिसते. पैसे माझे आहेत ना?"

तो काही बोलला नाही. चुंबक रुमालात गुंडाळून खिशात ठेवले आणि आमच्या गाडीत जाऊन बसला. मी बयाणा दिला नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. चोर्ल्याच्या घाटात आम्ही दोघे एक अक्षर बोललो नाही. खानापूर तालुक्याची हद्द लागल्यावर मी चहाला थांबू या का विचारले. तो म्हणाला, "नको."

दोन दिवसांनी भावजय घरी आली. हातात डबा होता, गदगकडच्या पद्धतीची शेंगा होळगी. सौ. आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "भावजी, एक विचारू? ही गाडी तुम्ही कुणासाठी घ्यायलासा?"

मी उत्तर दिले नाही. द्यायला तोंड नव्हते. जुनी गाडी घेताना इंजिन बघा, पत्रा बघा, कागद बघा असे सगळे सांगतात. पण पहिला प्रश्न भावजयीने विचारला तोच. मिरवायला हवी असेल तर चमकणारी घ्यावी आणि गप्प बसावे. हाताला काम म्हणून हवी असेल तर काम करण्यासारखी घ्यावी, आणि ज्याचे हात त्याला निवडू द्यावी.

आमच्यात भावाला माफ कर म्हणण्याची पद्धत नाही. संध्याकाळी त्याच्या गॅलरीत जाऊन बसलो आणि म्हणालो, "इथून पुढे गाडी तू बघायची. मी फक्त ड्रायव्हर." त्याने थोडा वेळ समोरच्या नारळाकडे बघितले. मग म्हणाला, "कोल्हापुरात एक हेरल्ड आहे म्हणे."

दुसरी गाडी म्हणून ही हेरल्ड. आमच्या पिढीला ती आठवत असेल. ब्रिटनमध्ये ट्रायम्फ हेरल्ड म्हणून 1959 मध्ये आली, मिकेलोत्ती या इटालियन माणसाने तिचा बाह्याकार काढला. 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती आपल्याकडे स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनवली. बाकीच्या गाड्या अखंड डब्याच्या होत असताना हिने वेगळी चासी सोडली नाही. त्यामुळे दुरुस्त करणाऱ्याला ती सोन्यासारखी. दोन्ही मडगार्डांसकट आख्खे नाक पुढे उलटते, आणि पुढच्या चाकावर बसून इंजिनचे काम करता येते. दोन दारांच्या हेरल्डचे छप्परही बोल्टनी बसवलेले असते, ते सोडवून उचलता येते. कोल्हापूरच्या मालकाने तेच केले होते. चासी खाली असल्यामुळे गाडी खचलेली नव्हती. धाकटा खूश. मागणीही दोन लाखांच्या आत.

घोडे अडले कागदांवर. चासीवरचा क्रमांक आणि आरसी बुकातला क्रमांक जुळेना. शेवटचे दोन आकडे वेगळे. मालक म्हणाला, लिहिणाऱ्याची चूक असेल. असेलही. पण बुकातला मालक वारलेला, वारस कुठे आहेत ते याला ठाऊक नाही, आणि गाडी महाराष्ट्रातली. आपण कर्नाटकात राहणारे. परराज्यातली गाडी आणायची तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, आणि बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला क्रमांक घ्यावा लागतो. मालक वारला असेल तर आधी वारसांच्या नावावर, मग आपल्या नावावर. वारसच माहीत नाहीत म्हटल्यावर सगळे तिथेच खुंटले. सीमाभागातल्या माणसाला कागदाचे महत्त्व कुणी शिकवावे लागत नाही. इथे मी बँकेतला माणूस उपयोगी पडलो. "बाळा, पत्र्याचे भोक बुजवता येते, कागदाचे नाही," असे म्हणून मीच त्याला तिथून उठवले. या वेळी परतताना आम्ही निपाणीला थांबून चहा घेतला.

तिसरी गाडी भावजयीने शोधली. तिच्या मावशीच्या ओळखीचे एक जुने व्यापारी घराणे जमखंडीला आहे. वाड्याच्या मागच्या सोप्यात आजोबांची मोटार पडून आहे, कुणी विचारत नाही, असे कळले. गोकाक, महालिंगपूर करत आम्ही तिघे गेलो.

सोप्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे ती उभी होती. रंग कुठला होता ते सांगता येणार नाही इतका उडालेला. हूडच्या कापडाच्या चिंध्या, गाद्यांत उंदरांची घरे, चारही टायर जमिनीला चिकटलेले. इंजिन सोळा-सतरा वर्षे बंद आणि आता जाम. मला तर बघूनच परत फिरावेसे वाटले. धाकट्याने एक पोते मागितले, जमिनीवर अंथरले, टॉर्च तोंडात धरला आणि गाडीखाली गेला.

ती मॉरिस मायनर होती, टूरर, म्हणजे कारखान्यातूनच हूडची. या गाडीची गोष्ट मोठी गमतीची आहे. ॲलेक इसिगोनिस नावाच्या माणसाने ती आखली, ज्याने पुढे 1959 ची मिनी आखली. मायनरचा नमुना तयार झाल्यावर तो त्याला अरुंद वाटू लागला. त्याने गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही भाग एकमेकांपासून सरकवत नेले आणि चार इंचांवर त्याचे समाधान झाले. म्हणून मायनरच्या बॉनेटवर मधोमध ती उंच सपाट पट्टी असते. 1948 च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात गाडी आली, तेव्हापासूनच तिचा टूरर प्रकारही होता. सोळा लाखांवर मायनर बनल्या. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने हिलाच 'बेबी हिंदुस्थान' म्हणून विकली होती. हूडची मायनर अखंड डब्याचीच, पण तिच्या पायऱ्यांच्या पट्ट्यांत आणि डॅशबोर्डखाली कारखान्याने जादा आधार घातलेला असतो. धाकटा खाली शोधत होता तो हाच आधार. बंद मायनरचे छप्पर कापून टूरर म्हणून विकणारे जगभर आहेत. आधार सापडला तर खरी, नाही तर गोव्याचीच बहीण.

अर्धा तास झाला. घरातल्या आजीबाई काठी टेकत आल्या. भावजयीशी त्यांचे कन्नडमध्ये गदगपासून जमखंडीपर्यंतचे नातेसंबंध लावून झाले. गाडीखालून फक्त टकटक आवाज. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकून बघत होता. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. जिथे बद्द वाजेल तिथे टोक दाबून बघायचे.

मग तो बाहेर आला. केसांत माती, कोपराला खरचटलेले. आणि मंडळी, तो बोलायला लागला. दोन वर्षांत मी त्याला इतके बोलताना ऐकले नव्हते. दादा, आधार कारखान्याचेच आहेत. डाव्या पायरीची पट्टी मागे वीतभर गेल्या, मागच्या स्प्रिंगच्या हँगरजवळ एक भोक आहे, बाकी तळ खणखणीत. इथली हवा कोरडी, म्हणून वाचली. दारांच्या फटी दोन्हीकडे समान आहेत. हूडच्या कांब्या पूर्ण आहेत, एकही वाकलेली नाही. त्या गेल्या असत्या तर इथे कुठेच मिळाल्या नसत्या. इंजिन 918 सीसीचे, साधे, माझ्या लेथवर होईल. पुढच्या चाकाचा खालचा आट्याचा सांधा तेवढा झिजलाय. त्याला वेळेवर ग्रीस दिले नाही तर तो निसटतो आणि चाक आडवे पडते. तो आधी बदलायचा. ब्रेकचा मुख्य सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, तळात आहे, तो आणि सगळी रबरे नवीनच घालायची, त्यात काटकसर नाही.

आजीबाईंना मराठी समजत नव्हते, पण त्या त्याच्याकडेच बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तगड चलो ऐती अंतानेनु?" पत्रा चांगला आहे म्हणतो का हा? भावजय म्हणाली, "हौद री अम्मा." आजीबाई हसल्या. त्यांच्या यजमानांनी मरेपर्यंत दर पावसाळ्याआधी खालून तेल मारले होते.

कागद त्यांनी लोखंडी पेटीतून काढले. 1951 ची नोंद, मुंबई राज्याची. त्या वेळी विजापूर जिल्हा मुंबई राज्यातच होता. 1956 मध्ये तो म्हैसूर राज्यात गेला, 1973 मध्ये त्या राज्याचे कर्नाटक झाले, 1997 मध्ये बागलकोट वेगळा जिल्हा झाला. गाडीचे पत्ते बदलत गेले आणि गाडी सोप्यातच राहिली. माझ्या आईची गतही तीच, पण तो विषय पुन्हा केव्हातरी. चासीचा क्रमांक जुळला. आजीबाई आणि दोन मुलगे एवढेच वारस, तिघेही सही करायला समोर.

सौदा भावजयीने केला. मी चार-पाच कन्नड वाक्ये टाकायला गेलो तर तिने डोळ्यांनीच मला गप्प केले. दोन लाख वीस हजारांना ठरले. धाकट्याने एकच अट घातली, की सोप्यात आणि माळ्यावर या गाडीचे म्हणून जे काही पडले आहे ते सगळे द्यायचे. माळ्यावरून दोन खोकी निघाली. बाजूच्या खिडक्यांच्या चौकटी, एक दिवा, दारांच्या मुठी, हाताने इंजिन फिरवायचे हँडल. ज्यांना असा नाद करायचा आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मोठी वस्तू मिळते किंवा बनवता येते. इंग्लंडात मायनरचे पत्रे आणि रबरे आजही नवी बनतात. जीव जातो तो मुठीसारख्या छोट्या वस्तूसाठी. गाडी कुरूप असली तरी पूर्ण असावी.

टेम्पोवरून गाडी बेळगावात उतरली तेव्हा गल्लीतली पोरे टाळ्या वाजवत होती आणि मोठी माणसे माझ्याकडे दयेने बघत होती. सौ. म्हणाल्या, "यापेक्षा फरशा बऱ्या होत्या."

मला वाटले होते, दुसऱ्याच दिवशी धाकटा पत्रा कापायला घेईल. त्याने आठ दिवस फक्त फोटो काढले. प्रत्येक वायर, प्रत्येक बोल्ट. सोडवलेले बोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत, बरणीवर चिठ्ठी. चिठ्ठ्या पुतणीने लिहिल्या. मग त्याने दाराच्या मोकळ्या जागेत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत अँगल आडवे वेल्ड केले, दोन्हीकडे. मी विचारले, हे कशाला? म्हणाला, पायरीची कुजकी पट्टी कापली की गाडीला धरणारे काही उरत नाही. त्या वेळी ती जशी वाकेल तशीच नवी पट्टी बसते आणि वाकडेपणा कायमचा होतो. आधी आधार द्यायचा, मग कुजलेले कापायचे. मी मान डोलावली. दोन वर्षे आम्ही सगळे घरात उलटेच करत होतो, असे मला वाटून गेले. त्याला बोललो नाही.

जाम इंजिनचे प्लग काढून त्याने आत डिझेल आणि ऑईल ओतले आणि रोज संध्याकाळी हँडल लावून जरासे रेटायचे, जोर करायचा नाही. अकराव्या दिवशी बोटभर हलले. त्या रात्री भावजयीचा फोन आला, "भावजी, फिरलं!" मागे धाकटा कुणाला तरी ओरडून पान्हा मागत होता आणि ती फोनवरूनच त्याच्यावर कन्नडमध्ये खेकसली. सौ. म्हणाल्या, "भांडायला लागले वाटतं. बरं झालं."

गाडी अजून तयार नाही. वर्ष तरी लागेल. ठेवीतले उरलेले पैसे पुरणार नाहीत हे मला दिसते आहे. जुन्या गाडीचा खर्च मनात धरावा त्याच्या दुप्पट होतो आणि मी तर दीडपटच धरला होता. हूडसाठी जीपची हुडे शिवणारा एक कारागीर बघून ठेवला आहे. सरकारने जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम केले. चासी, सांगाडा आणि इंजिन मूळचे हवे, मोठे फेरफार नकोत. आधीची नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, नव्याने नोंद करायची तर वीस हजार रुपये फी, नोंद दहा वर्षांची. रोजच्या वापराला मात्र ती नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच. म्हणजे सौ.ना घेऊन भाजीला जायचे नाही. लाल फियाट या नियमात कुठेच बसली नसती.

परवा पहिला वळीव कोसळला. आईने विचारले, "मोटारीवर काय घातलंय?" मी छत्री घेऊन बघायला गेलो. पत्र्याच्या खोलीत दिवा होता. धाकटा लेथवर वाकून पुढच्या चाकाचा बुश उतरवत होता, पितळेचे पिवळे कीस खाली गोळा होत होते. खोलीचे छप्पर एका कोपऱ्यात गळते, बरोबर मायनरच्या वर. पण गाडी कोरडी होती. लेथवरची ती निळी चादर काढून त्याने तिच्यावर घातली होती.